कापलेलं गाऱ्हाणं

बंदरावरून सुटलो तेव्हा दुपार कलली होती. रेशनवर अंगठा लावून तांदूळ घ्यायचे आणि आईच्या डोळ्यांचे थेंब न्यायचे, एवढंच काम होतं. मी देवगड बंदरावर बर्फ फोडतो. मासळीच्या पेट्यांवर घालायचा बर्फ. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून हेच करतो. बर्फ आणि मीठ हाताळून माझ्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशनच्या मशीनला माझा अंगठा कधी लागतच नाही.

दुकानावरच्या किशोरीवैनींनी माझा अंगठा फडक्याने पुसला, परत दाबला. मशीनने परत टूं केलं.

"बाबली, मशीन म्हणता हो माणूसच नाय. जिवंत आसस मा रे?"

"चिमटो काढून बघा."

त्या हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. आमच्या घरात माणूस गेला होता हे त्यांना आठवलं असणार. "फाल्या आवशीक घेवन ये," असं उद्या आईला आणायला सांगून त्या उगाच पोती सारखी करायला लागल्या.

गेला तो माझा थोरला भाऊ. गुरुदास. नांदगावच्या रस्त्यावर टेम्पोने त्याची गाडी फरफटत नेली. तोंड तेवढं नीट राहिलं होतं. शवागारात मी त्याचा फोन घेऊन गेलो होतो. दादाच्या फोनला कुलूप होतं आणि आईला त्याचे फोटो हवे होते. मी त्याचा हात चादरीतून बाहेर काढला आणि अंगठा फोनवर दाबला. फोन उघडला नाही. परत दाबला. तिथला माणूस म्हणाला, "अरे, थंड अंगठ्याला ओळखत नाही तो." मी त्याची गचांडी धरली. लोकांनी मला बाहेर काढलं.

तो फोन मी फेकला नाही. फळीवर ठेवला आणि कधी बंद पडू दिला नाही.

मयताच्या दिवशी आत्या आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "कमावतो गेलो गो नर्मदे. नि ऱ्हवलो तो..." पुढे तिला मी दिसलो. तिने वाक्य गिळलं. आई मात्र हो म्हणून मान हलवत राहिली.

त्या दुपारी थेंबांची बाटली घेऊन मी घरी आलो, तर शेजारची आकांक्षा ओटीवर उभी होती. हातात फोन. ती कॉलेजात जाते. तिचं तोंड रडवेलं झालेलं.

"इली ती सिरीयल," ती म्हणाली. "मी सगळे भाग बघलंय. गुरुदादा खंयच नाय."

ही गोष्ट सांगायला हवी. मरायच्या थोडे दिवस आधी दादाने एका वेबसिरीजमध्ये काम केलं होतं. वालावलच्या बाजूला एका देवळात चित्रीकरण होतं. गाऱ्हाणं घालणारा माणूस त्यांना हवा होता. आमच्याकडे देवाला मागणं मागताना एक जण नारळ हातात घेऊन मोठ्याने बोलतो आणि बसलेले सगळे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. कळत्या वयापासून ते तोंडात बसलेलं असतं. कोणी थांबलं की आपण म्हणतो. काय मागितलं ते ऐकलेलं असो वा नसो. दादाचा आवाज खणखणीत. त्याने घरी तालीम केली तेव्हा आई आणि मी समोर बसून "व्हय म्हाराजा" म्हणत होतो.

"सहाव्या भागात देऊळ येता," आकांक्षा म्हणाली, "पण लगेच बाजार. मधलो सीन कापलो असतलो, काकी."

आई खाटेवर बसली होती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलेले. उजेड टोचतो म्हणून खिडक्यांना आम्ही गोणपाट लावलं होतं. भर दिवसाही खोलीत काळोख असे. ती कोणाकडेच न बघता म्हणाली, "गुरु कापूचो माणूस नाय."

मला राग आला. कोणावर ते कळेना. मी सरळ जाऊन दादाचा कॉम्प्युटर चालू केला. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

तो कॉम्प्युटर दादाने घरीच जोडलेला. कुडाळहून जुने पार्ट, मुंबईहून मागवलेलं कार्ड, आणि बाहेरचा डबा एका मोडक्या कूलरचा पत्रा कापून केलेला. आत मात्र परदेशी महागड्या कंपनीची सिस्टीम घातली होती. ती त्यांच्याच मशीनवर चालते. दादाने तिला फसवून या डब्यावर चालवली होती. त्यावर तो लग्नांचे व्हिडिओ करायचा. सिरीयल दाखवणाऱ्या साइटचं त्याने पैसे भरलेलं खातं फक्त या डब्यातच उघडं होतं. पासवर्ड त्याच्याबरोबर गेला.

एकच खोट होती. पैसे भरून बघायचे पिक्चर त्याच्यावर दिसत नसत. आवाज यायचा, चित्र काळं. "ता मगे बघतंय," दादा म्हणायचा. ते राहिलं.

मी सहावा भाग लावला. पंखा घरघरला. तापलेल्या धुळीचा वास सुटला. पडदा काळाच होता. देवळाची घंटा ऐकू आली. आकांक्षाने आपला फोन पुढे करून दाखवलं. "हय बघ, आता बाजार येतलो."

तिच्या फोनवर बाजार आला. भाजीवाल्या ओरडायला लागल्या.

आमच्या काळ्या पडद्यातून दादा म्हणाला, "बा देवा म्हाराजा..."

आकांक्षाने फोन बंद केला. आई खाटेवरून उठली. भिंत चाचपत आली आणि स्क्रीनसमोर खाली बसली. हात जोडले.

"...आज हंय तुझी लेकरां बसली आसत. ह्या घरातलो दिवो इझलो, तो परत पेटव रे म्हाराजा..."

आवाज थांबला. गाऱ्हाण्यात थांबतात तसा. पण मागे कोणी लोक नव्हते. कोणीच उत्तर दिलं नाही. नुसता पंखा.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

दादाने पुढचं सुरू केलं.

आकांक्षा निघून गेली. चपला उलट्या घालून गेली. त्यानंतर ती आमच्या ओटीवर चढली नाही.

मला त्या वेळी भीती वाटली नाही. खरं सांगतो. मला वाटलं, दादा सापडला. कापलेला सीन कसा कोण जाणे इथे राहिला. आता फक्त चित्र आणायचं. आई माझा हात धरून म्हणाली, "बाबली, माका तेचा तोंड दाखव रे. मोठ्या पडद्यार माका दिसतला. मगे काय मागूचंय नाय मी." तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. माझ्याकडे मागण्यासारखं काही नव्हतंच.

पिंगुळीचा विनीत दादाचा दोस्त. कॉम्प्युटरचं दुकान आहे त्याचं. त्याला फोन लावला.

"ह्या पिक्चरवाल्यांचा कुलूप असता," विनीत म्हणाला. "चित्र सोडूच्या आधी ता मशीनाक इचारता, तू कोण? खरा मशीन असला तर चावी देता. गुरुन त्या डब्याक खोटा नाव दिलेला. बाकी सगळी फसतत, ह्या कुलूप फसणा नाय. आवाजाक कुलूप नाय, म्हणान आवाज येता."

"मगे काय करू?"

"आधी दुसऱ्या ब्राउझरात लावन बघ. थंय कुलूप साधा असता."

लावलं. दादाचं खातं तिथेही उघडंच होतं. चित्र स्वच्छ आलं. देऊळ, घंटा, आणि लगेच बाजार. दादा नाही. परत पहिल्यात लावलं. काळं. घंटा. आणि "बा देवा म्हाराजा..."

"आयकलंस?" मी फोन स्पीकरपाशी धरला. "आयकलंस मा विनीत?"

त्याने ते परत लावायला सांगितलं. "बाबली... माका नुसतो पंखो आयकाक येता रे."

"तुझे कान फुटले मेल्या!"

"बरां, बरां. माझे कान फुटले." मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "मशीनाचा नाव बदल. चालू होताना ता एक फाईल वाचता, तेच्यात मॉडेल लिवलेला आसा. ता काढ नि मी धाडतंय ता घाल. एकदा खरा मानल्यान की पडदो उघडतलो. नि बाबली... जरा झोप घे."

इंग्रजी अक्षरं मला एकेक करून वाचावी लागतात. विनीतने पाठवलेला फोटो समोर ठेवून मी अक्षर शोधायचो, दाबायचो. एक चुकलं की मशीन चालूच होत नसे, नुसतं त्या परदेशी कंपनीचं फळाचं चिन्ह येऊन थिजायचं. मग दादाच्या जुन्या पेनड्राइव्हने परत मूळ फाईल आणायची. असं रोज. बंदरावरून आलो की जेवायच्या आधी तेच. चुकलं की मी टेबलावर बुक्क्या मारायचो. आई म्हणायची, "हळू. तेका लागतला."

मी बंदरावर असायचो तेव्हा ती एकटीच ऐकत बसे. माऊस कुठे दाबायचा ते तिने हाताने ओळखून ठेवलं होतं. मी आलो की स्वयंपाक झालेला नसे. खोलीत वास भरलेला असे. आधी मला वाटलं, बुरशी असेल. मग कळलं, देवळाच्या गाभाऱ्यात येतो तो वास. ओला दगड, करपलेली वात, सोललेल्या नारळाच्या शेंड्या. स्क्रीनजवळ नाक नेलं की जास्त यायचा.

आणि गाऱ्हाणं रोज तेच नव्हतं.

पहिले दिवस घरादाराचं, पोराबाळांचं मागणं होतं. मग आईच्या डोळ्यांचं आलं. चित्रीकरण झालं तेव्हा आईचे डोळे बरे होते. मी ठरवलं, आज काही म्हणायचं नाही. बघू.

"...ह्या माऊलीक दिसांदे रे म्हाराजा..."

आवाज थांबला. मी आईच्या तोंडावर हात ठेवला. खालची वेळ दाखवणारी रेघ पुढे सरकत होती, पण आवाज येत नव्हता. पंखा घरघरत होता. पलीकडे कोणीतरी उभं आहे आणि वाट बघतं आहे असं वाटत होतं. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. दादा असा खाकरायचा, मी काही ऐकलं नाही की.

आईने माझा हात झटकून दिला. नखं लागली मला.

"व्हय म्हण रे! तो तुझ्यासाठी थांबलो हा."

मी म्हणालो. लगेच आवाज पुढे सुरू झाला.

त्या दिवसापासून मला ते चित्र नको होतं. पण आईला कसं सांगणार? ती आता माझ्याशी बोलायची. माझी वाट बघायची. "झाला काय रे? आज दिसतला काय?" मी बर्फाने बधिर झालेल्या बोटांनी अक्षरं दाबत राहिलो. कधी कधी मुद्दाम चुकीचं दाबलं.

मग वारा सुटला आणि होड्या गेल्याच नाहीत. बर्फ कोणाला नको होता. मुकादमाने एका पेटीपुरता फोडून घेतला आणि मला घरी पाठवलं. वाटेत थेंबांची नवी बाटली घेतली. ओटीवर चढलो तेव्हा ऊन लख्ख होतं. आतून आवाज येत होता. मी दारातच उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा... हिच्या घरात दोन झिल होते. एक तुझ्याकडे इलो, एक हंय ऱ्हवलो..."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"...कामाचो होतो तो तू नेलंस. माऊलीक एकच पुरो आसा रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"...धाकट्याक हंय घे, माझ्या जाग्यार बसव. माका घराक धाड..."

आवाज थांबला.

मी हललो नाही. मला वाटलं, आता आई उठेल. आता ती शिव्या देईल, डबा लाथेने उडवेल. बर्फाचं पाणी माझ्या हातावरून बाटलीवर ओघळत होतं. पंखा फिरत होता. ती गप्प होती. खूप वेळ गप्प होती. तेवढा वेळ तिने घेतला, हे मी धरून बसलोय. तेवढंच माझ्याकडे आहे.

मग ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

देवळात म्हणतात तसं. मोठ्याने, डोकं टेकून.

मी आत गेलो. काय करणार होतो माहीत नाही. पण स्क्रीन काळी नव्हती. चित्र आलं होतं. मी फाईल पुरी केलीच नव्हती, तरी आलं होतं. देवळाचा मंडप. माणसं पाठमोरी खाली बसलेली. पुढे गाऱ्हाणं घालणाऱ्याची जागा. तिथे कोणी नव्हतं. फरशीवर नारळ घरंगळत होता, आत्ताच कोणाच्या हातातून सुटल्यासारखा.

मागच्या रांगेत एक जण बसला होता. बर्फ फोडताना मी बांधतो तसं अंगाला गोणपाट बांधलेलं, पायात बंदरावरचे रबरी बूट. देवळात बूट घालून कोण बसतं? त्याने मान वळवली. तोंड माझं होतं. ओठ हलत होते. तो ओरडत असावा. आवाज काही येत नव्हता.

आई स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती वळून माझ्याकडे बघत होती. त्या पिकलेल्या डोळ्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे. आणि हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. माझ्याकडे बघून तर जन्मात पहिल्यांदा तशी.

"गुरु," ती म्हणाली. "इलंस रे पुता?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. 'मी बाबली, आये', एवढंच म्हणायचं होतं. पण तुम्ही ते हसू बघितलं नाहीत.

"व्हय," मी म्हणालो.

स्क्रीन काळी झाली.

बर्फाच्या टोच्याने मी तो डबा फोडला. पत्रा, कार्ड, पंखा, सगळं. आई आत स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत भात टाकत होती. एवढा आवाज झाला, तिने काय झालं म्हणून विचारलं नाही.

विनीत दुसऱ्या दिवशी आला. मीच बोलावलं होतं. तुकड्यांमधून त्याने डिस्क काढली, आपल्या लॅपटॉपला लावली आणि बघत बसला.

"फाईल जुनीच आसा," तो म्हणाला. "नाव तू बदललंसच नाय. मगे चित्र दिसाक कसा लागला?"

आई चहा घेऊन आली. विनीतला दिला, मला दिला. माझ्या चहात साखर नव्हती. दादा बिनसाखरेचा प्यायचा.

"गुरु, थंड होता, घे," असं म्हणून ती आत गेली.

विनीतने माझ्याकडे बघितलं. मग कपाकडे. "तिका डाक्टराक दाखव," तो पुटपुटला. "डोळे गेले की माणसाचा असा होता. तुझा, बाबलीचा, नाव तरी घेता काय?"

"नाय."

"इचारणा नाय, खंय गेलो म्हणान?"

"एकदा पण नाय."

त्याने चहा न पिता ठेवला. उठला. "गुरुचो तो फोन दी. दुकानात नेवन सगळो पुसून देतंय. घरात ठेव नको तसलां काय."

फोन फळीवर होता. मी तसाच बंदरावरून आलो होतो, हात अजून गार पडलेले, अंगठ्याची कातडी पांढरी, सुरकुतलेली. रेशनच्या मशीनने सकाळीच परत टूं केलं होतं. मी फोन उचलला तेव्हा अंगठा त्या जागेवर पडला.

फोन उघडला.

मी अंगठा शर्टाला पुसला. फोन बंद केला. अंगठा परत लावला. परत उघडला.

विनीत दारातून बघत होता. तो एक पाऊल मागे सरला, आणि चपला न घालता अंगणात उतरला. मी त्याला हाक मारली. तो थांबला नाही.

"कोण रे गुरु?" आतून आईने विचारलं. "भायर कोण मी बाबली, मी बाबली करून रडता?"

ओटीवर मी एकटाच होतो, आणि माझे ओठ मिटलेले होते.